लंडनला कलेचा इतिहास शिकायला गेलेली मुलगी ‘परत येऊ का’ विचारते तेव्हा

समुपदेशनासाठी माझ्याकडे एक प्रश्न बऱ्याचदा येतो, कधी आईवडिलांकडून, कधी मुलांकडूनच. कर्ज काढून बाहेर शिकायला गेलो, तेही इंजिनिअरिंग-एमबीएला नाही तर आर्ट हिस्टरीला, तेही अशा छोट्या युनिव्हर्सिटीत जिथे दुसरा कुठला विषयच शिकवत नाहीत, आणि आता वाटतंय की सगळं चुकलं, परत येऊ का? याला हो-नाहीमधे उत्तर देता येत नाही, म्हणून एक केस जरा सविस्तर सांगते. मुलीची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी बोरिवलीची. मुंबईत इतिहासात बीए, कायम वरच्या नंबरात. एमएला लंडनच्या एका संस्थेत गेली, तिथे कलेचा इतिहास, क्युरेटिंग (प्रदर्शनं मांडणं) आणि कॉन्झर्व्हेशन (जुन्या कलाकृतींची जपणूक-दुरुस्ती) एवढंच चालतं. ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आली, जानेवारीचं परतीचं तिकीट काढलेलं होतं आणि तिने घरी जाहीर करून टाकलं की मी जाणार नाही. वडील तिला घेऊनच माझ्याकडे आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच समजवा हिला.’ मी त्यांना सांगितलं की समजवायचं नंतर बघू, आधी मला तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

ती बोलायला लागली ती एका आकड्यापासून. अठ्ठावन्न. पहिल्या निबंधाला ५८ मार्क. इथे आयुष्यभर ऐंशीच्या खाली न आलेल्या मुलीला ५८ म्हणजे नापासच झाल्यासारखं वाटणार. पण ब्रिटनमधे मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन धरतात, आणि सत्तरच्या पुढे मार्क देताना शिक्षक हात फारच आखडता घेतात. म्हणजे ५८ हा मेरिटच्या जरासा खालचा, पहिल्या निबंधाला अगदी नॉर्मल मार्क. तिला हा नियम माहीत होता, हँडबुकात वाचला होता, पण डोक्याला माहीत असणं आणि पोटात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गोष्ट पालकांनीही समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं, कारण ‘अठ्ठावन्नच?’ हा फोनवरचा एक शब्द मुलाला तिकडे आठवडाभर पुरतो.

मग बाकीचं निघालं. वर्गात आठ-दहा जणं. त्यातली बरीच लहानपणापासून चर्चमधे आणि गॅलऱ्यांमधे फिरलेली. स्लाइड लागली की कुणीतरी सहज म्हणणार, हातात किल्ल्या आहेत म्हणजे संत पीटर, शेजारी मोडकं चाक आहे म्हणजे संत कॅथरिन. हिला वाटायचं ही माणसं हे सगळं आईच्या पोटातूनच शिकून आलीत. मी तिला विचारलं, कमरेवर हात ठेवून उभी असलेली मूर्ती दाखवली तर तुला किती वेळ लागेल? ती म्हणाली, ‘विठोबा, त्यात काय ओळखायचं!’ आणि मग गप्प झाली. तिच्या वर्गातल्यांचं तेच होतं, त्यांना घरात मिळालं म्हणून. संतांच्या खुणा ही शिकता येणारी यादी आहे, त्याची कोशासारखी पुस्तकं मिळतात, एका टर्ममधे बऱ्यापैकी पाठ होते.

पण खरी कुचंबणा त्या जागेच्या लहानपणाची होती आणि ती बाहेरच्या लोकांना पटकन कळत नाही. मोठ्या कॉलेजात तुम्ही वर्गात मधले असलात तरी नाटकाच्या ग्रुपमधे हिरो असू शकता, रूममेट केमिस्ट्रीची असते तिला तुमचा निबंध कसा गेला याच्याशी घेणंदेणं नसतं. इथे सकाळी सेमिनारमधे ज्यांच्यासमोर आपण अडखळलो त्यांच्यासोबतच दुपारी कॉफी, त्यांच्यासोबतच लायब्ररी, आणि संध्याकाळी एखाद्या प्रदर्शनाच्या ओपनिंगला पुन्हा तीच माणसं. शिक्षक नावाने ओळखतात ही चांगली गोष्ट, पण त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय संपते. त्यात लंडनला डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. मुंबईच्या पोराला हा अंधार किती जड जातो हे आपण धरतच नाही हिशोबात.

अशा वेळी मी ‘चुकलं’ हा शब्द मोडून तीन प्रश्न करते. विषय नकोसा झालाय का, ही जागा नकोशी झालीये का, की आपली माणसं जवळ नाहीत म्हणून सगळंच नकोसं झालंय? तिन्ही एकत्र गुंडाळलेलं असतं आणि मुलं तिन्हीचं बिल विषयावर फाडतात.

विषयाचं तपासायला मी तिला विचारलं की तिथे पाहिलेलं एखादं चित्र सांग. आणि ती पंधरा मिनिटं थांबलीच नाही. नॅशनल गॅलरीतलं, चित्रकार यान व्हान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र, त्यांचा एक वर्ग थेट त्या चित्रासमोर झाला होता. भिंतीवरचा गोल आरसा, आरशात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं, आरशाच्या वरच चित्रकाराने ‘मी इथे होतो’ अशी केलेली सही, भर दिवसा झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती, काढून ठेवलेल्या लाकडी चपला, खिडकीतली संत्री. मी ते चित्र कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही पण तिच्या बोलण्यातून मला दिसलं. मी विचारलं, यातलं वर्गात काय बोललीस? काहीच नाही. कारण बाकीच्यांनी आधी थिअरीवाल्यांची नावं घेतली आणि हिला वाटलं आपल्याला फक्त दिसतंय, कळत काहीच नाही. या विषयात बघणं हेच पहिलं काम आहे, नीट वर्णन करता आलं तरच पुढचा अर्थ उभा राहतो, आणि ते तिला उत्तम येत होतं. म्हणजे विषय शाबूत होता.

तिला मी एक काम दिलं. पुस्तक न घेता वडिलांना कान्हेरीला ने आणि जे दिसतं ते त्यांना सांग. नॅशनल पार्क घराजवळच, तरी दोघं कित्येक वर्षांत वर गुंफांपर्यंत गेले नव्हते. तीन नंबरच्या चैत्यासमोर, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहासमोर, वडिलांनी विचारलं की हे बुद्धाचं ना, मग या बायकापुरुषांच्या जोड्या इथे कशाला कोरल्यात? तिने सांगितलं की ती दान देणारी जोडपी असावीत असं मानतात, इथल्या ब्राह्मी लेखांमधे कल्याण, सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत, व्यापाऱ्यांच्या पैशातून बरंचसं उभं राहिलं. आणि व्हरांड्याच्या दोन टोकांना जे प्रचंड उभे बुद्ध आहेत ते चैत्यानंतर काही शतकांनी आले, म्हणजे एकाच दारात दोन काळ उभे आहेत. वडील पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, हिला हे येतं हे मला ठाऊकच नव्हतं.’ मला त्या घरासाठी हे वाक्य फार मोलाचं वाटलं, कारण तोपर्यंत त्यांना फक्त फीचा आकडा ठाऊक होता.

वडिलांच्या काळज्याही खऱ्याच होत्या. एक वर्षाची मास्टर्स इथे धरतात का? जुलै २०२२ मधे भारत-ब्रिटनमधे पदव्यांच्या मान्यतेचा करार झाला, त्यात तिथल्या एक वर्षाच्या मास्टर्सचाही समावेश आहे. नोकरी? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, लिलाव करणाऱ्या कंपन्या, काळा घोडा-कुलाब्याच्या गॅलऱ्या, जुन्या कंपन्यांची आर्काइव्हज, आणि शिकवायचं असेल तर व्हिज्युअल आर्टमधे नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. जागा आहेत पण थोड्या, आणि सुरुवातीचा पगार कमी असतो, हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं. कर्जाचा हप्ता कोर्सनंतर सुरू होत असला तरी व्याज बहुतेक आधीपासूनच चढत असतं, हेही घरात सगळ्यांसमोर बोलून झालं. मुलीला वाटत होतं बाबांना हे माहीत नाही, बाबांना वाटत होतं मुलीला माहीत नाही, आणि दोघं एकमेकांना जपत गप्प बसले होते.

ती गेली परत. जाताना ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. ट्यूटरला मेल करून फक्त त्या ५८ च्या निबंधावर वेळ मागायचा. सेमिनारमधे पहिल्या दहा मिनिटांत एकदा तोंड उघडायचं आणि फक्त दिसलेली गोष्ट सांगायची. आणि आठवड्यातला एक दिवस आर्टशी संबंध नसलेल्या माणसांत घालवायचा. मी लंडनचं महाराष्ट्र मंडळ सुचवलं होतं, १९३२ पासूनचं आहे, पण तिला पोहणं आवडलं, पूलवरच्या मैत्रिणींना व्हान आइक कोण हे माहीत नाही आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

पुढच्या निबंधाला ६३ आले. प्रबंधाला तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला घेतल्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मधे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, मग १८७२ पासून जेजे स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईचे विद्यार्थी वर्षानुवर्षं गुंफांत राबले, त्यातल्याही कित्येक १८८५ मधे लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या, उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. या विषयावर वर्गात तिच्याइतकं बोलू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण सगळ्यांचं असं होत नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही. कॉन्झर्व्हेशनला गेलेला एक मुलगा होता, त्याला चित्रं आवडायची पण लॅबमधलं रसायनशास्त्र आणि तासन्‌तास मायक्रोस्कोपखाली बसणं अजिबात नको होतं. त्याला चित्राबद्दल विचारलं तर बोलायचा, कामाबद्दल विचारलं की दोन शब्दांत संपायचं. तो सोडून आला, आता इथे ग्राफिक डिझाइन करतो, मी त्याला थांबवलं नाही. मात्र असं ठरवताना आधी युनिव्हर्सिटीकडून लेखी विचारून घ्या, मधेच थांबलं तर किती फी परत मिळते, शिक्षण तात्पुरतं थांबवता येतं का. साठ दिवसांपेक्षा मोठा ब्रेक असेल तर साधारणपणे स्टुडंट व्हिसाची स्पॉन्सरशिप काढून घेतात आणि पुन्हा जायला नवा व्हिसा लागतो.

तुमचं मूल सध्या असं काही म्हणत असेल तर फोनवर मार्क विचारायच्या आधी या आठवड्यात काय पाहिलंस ते विचारा आणि उत्तर किती लांबतंय ते ऐका. झोप-जेवण बिघडलं असेल, खोलीबाहेर पडणंच बंद झालं असेल किंवा जगणं नको अशी भाषा येत असेल तर विषय-करिअरची चर्चा बाजूला ठेवा. व्हिसाच्या वेळी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज भरलेला असतोच, त्यावर तिथल्या जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जाता येतं, युनिव्हर्सिटीची वेलबीइंग टीम असते, इंग्लंडमधे १११ वर फोन करून मानसिक आरोग्यासाठी २ दाबता येतं, आणि मूल सुट्टीला इथे आलेलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.