वाचकांचे प्रश्न : समुद्राची वेळ पंचांगात सापडते

थंडीची चाहूल लागली की नाशिकच्या वाचकांच्या पत्रांत कोकण डोकावू लागते, आणि यंदाही तसेच झाले आहे. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. काहींतील मजकूर जागेअभावी थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : आम्ही पाच जण जानेवारीत चार दिवसांसाठी स्वतःच्या गाडीने कोकणात जाणार आहोत. गणपतीपुळ्यापासून रेडीच्या गणपतीपर्यंत सतरा ठिकाणांची यादी केली आहे. त्यातील कोणती गाळावीत? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : आपली यादी मी दोनदा वाचली. तिच्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे वरपासून खालपर्यंत आले आहेत, आणि चार दिवसांत ते साधायचे तर आपल्या कुटुंबाला समुद्र प्रामुख्याने गाडीच्या काचेतूनच पाहावा लागेल. नाशिकहून पुणे आणि कोल्हापूरमार्गे गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून मालवणला जायचे म्हणजे सुमारे ६०० किलोमीटरचा प्रवास होतो. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन दिवस त्यातच संपतात. म्हणून माझे मत असे आहे की सतरापैकी मालवण आणि त्याच्या आसपासची तीन-चार ठिकाणे ठेवावीत व बाकीची पुढच्या खेपेसाठी राखावीत. गणपतीपुळे, केशवसुतांचे मालगुंड आणि रत्नागिरीतील थिबा राजवाडा यांची सहल वेगळी काढता येते. त्यासाठी गाडी चालवण्याचीही गरज नाही, कारण मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडवरून कल्याण, पनवेल असे करीत कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते आणि रत्नागिरीला थांबते.

मालवणात एक सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याला द्यावी. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याच्या बांधकामाला आरंभ केला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. धक्क्यावरून होडीने तेथे पोहोचायला फार वेळ लागत नाही, परंतु बहुतेक पर्यटक शिवराजेश्वराच्या मंदिरात नमस्कार करून परतीची होडी गाठतात, आणि तेथेच चूक होते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या खडकावर आहेत, हे त्यांच्या काठाशी थोडे थांबल्याशिवाय मनात ठसत नाही. तटावरून चालत फिरले तर सुरक्षित वाट सोडून इतरत्र गलबत आणणे किती अवघड होते, हे पाण्याखालच्या खडपांवर फुटणाऱ्या लाटाच दाखवून देतात.

दुसरी सकाळ तारकर्ली आणि देवबाग यांना द्यावी. तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र अशी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. सुदैवाने पुळणीवर रापण ओढली जात असेल तर बाकीचे सारे बेत बाजूला ठेवून तेथेच थांबावे. किनाऱ्यापासून होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांना माणसे दोरांनी ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. विचारून दोराला हात लावला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, मात्र छायाचित्रासाठी मध्येच उभे राहून त्यांचे काम अडवू नये. दुपारी उन्हापासून सुटका हवी असेल तर धामापूरचा सोळाव्या शतकातील तलाव जवळच आहे. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून २०२० मध्ये त्याचा गौरव झाला होता.

एक सूचना निवासाचे आरक्षण करण्याआधीच ध्यानात घ्यावी. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास येते, आणि तिची तारीख तिथीवर ठरत नाही, तर देवीचा कौल घेऊन ठरते. जत्रेलाच जायचे असेल तर गोष्ट वेगळी, परंतु आपला जानेवारीचा बेत पुढे सरकला तर ती तारीख जाहीर झाली आहे का हे आधी पाहावे, कारण त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळणे दुरापास्त होते.

प्रश्न : गेल्या वर्षी अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते असे ऐकून गेलो, तर किल्ल्याभोवती छातीइतके पाणी होते. हे आधी कसे कळावे? (वाचक भगिनी, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती खरी होती, फक्त त्या माहितीला तिथी जोडलेली नव्हती. पूर किती आला हे आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावरून ओळखतो. कोकणातील माणूस समुद्राचे पाणी तिथीवरून ओळखतो, आणि ती तिथी आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत छापलेलीच असते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे. पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. शुद्ध असो वा वद्य, षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचार आणि पुन्हा सायंकाळी त्याच सुमारास पाणी भरलेले असेल. दशमीला साडेसात आणि पौर्णिमेला सव्वाअकरा असे उत्तर येते, आणि अमावास्येलाही पंधराच आकडा धरावा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच पुढे सरकते, एवढेच या पाऊणपटीमागचे गणित आहे. किनाऱ्याचे ठिकाण बदलले की तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे हा अंदाज बेत आखण्यासाठी वापरावा आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिक कोळ्याला विचारावेच.

मात्र वेळ कळली म्हणजे सर्व कळले असे नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरतेही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार दोन्ही बेताचेच असतात. अष्टमीला गणिताने ओहोटी भर दुपारी बाराला येते खरी, परंतु त्या दिवशी कुलाब्याची वाट कोरडी होईलच असे नाही. म्हणून आपण द्वितीया ते चतुर्थी यांपैकी दिवस निवडावा. त्या दिवसांत उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ओहोटीच्या तासभर आधी निघावे, किल्ला पाहावा आणि पाणी वळायच्या आत परत फिरावे. मी स्वतः एकदा आतील गणपती पंचायतनासमोर निवांत बसून राहिलो आणि परतताना चपला हातात घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून यावे लागले, तेव्हापासून घड्याळाकडे लक्ष ठेवतो.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला हेच गणित अधिक कसोशीने लावावे. ती वाट पायऱ्यांनी खाली उतरून थेट लाटांच्या कडेच्या खडकांवरून जाते आणि भरतीच्या वेळी तेथे माणसे ओढली गेल्याच्या दुःखद घटना घडल्या आहेत. याउलट हेदवीची बामणघळ पाहायची असेल तर भरतीचीच वेळ धरावी, कारण खडकाच्या चिरेत शिरलेली लाट वर उसळते ती पाणी भरल्यावरच. ती लांबूनच पाहावी.

प्रश्न : माझ्या पत्नीला आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. दोघांनाही पोहता येत नाही. मी गोदावरीत पोहायला शिकलो आहे. हे धाडस करावे का? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : पोहता न येणाऱ्यांसाठीच तेथे एक प्रकार असतो. त्यात प्रशिक्षक शेवटपर्यंत आपल्याला धरून असतो आणि खोलीही काही मीटरच असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. तो भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे, त्यामुळे प्रवाळाला हात लावणे किंवा त्यावर पाय ठेवणे टाळावे. पाण्याची नितळाई हिवाळ्यात चांगली असते, आणि त्यातही उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत गढूळपणा कमी असतो.

दमा, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उतरू नये. साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकलावा, कारण खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबून कान मोकळे करावे लागतात आणि सर्दीत ते होत नाही. नाशिककरांनी आणखी एक गोष्ट पाळावी. पाण्याखालून वर आल्यावर काही तास उंचावर जाऊ नये असा या छंदातील नियम आहे, म्हणून स्कूबा करून त्याच दिवशी घाट चढून कोल्हापूरकडे निघण्याऐवजी ते पहिल्या दिवशीच उरकावे. प्रशिक्षित माणसे आणि परवाना यांची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. पुळणीवर हाक मारून भाव कमी करणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

आता आपल्या स्वतःच्या पोहण्याविषयी. आपला उत्साह कमी करण्याचा हेतू नाही, पण रामकुंडाजवळ किंवा विहिरीत शिकलेला माणूस समुद्रात अधिक धोक्यात असतो, कारण त्याला आपण पोहू शकतो याची खात्री असते. ओहोटीच्या वेळी देवबागसारख्या खाडीच्या मुखाशी पाणी वेगाने बाहेर जाते आणि तेथे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही बळ अपुरे पडते. चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मगच किनारा गाठा.

प्रश्न : आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत आणि लांबचा प्रवास झेपत नाही. त्यांना एका मुक्कामात समुद्र दाखवता येईल का? (निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : अवश्य दाखवता येईल, आणि त्यासाठी तळकोकण गाठण्याचे काही कारण नाही. कोकण म्हटले की आपण रायगडाच्या खालीच पाहतो, परंतु नाशिकला सर्वांत जवळचा समुद्र पालघर जिल्ह्यातील आहे. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा रस्ता आहे, आणि जव्हारला थांबून विसावा घेता येतो. वळणे बरीच आहेत, म्हणून सकाळी लवकर व सावकाश निघावे. केळव्याला सुरूच्या झाडांची सावली आहे, पुळण सपाट आहे, शीतलादेवीचे मंदिर किनाऱ्यालगत आहे आणि वडिलांना शेतीची आवड असेल तर माहीम-केळव्याकडील पानमळे पाहण्यासारखे आहेत. डहाणूकडे वळलात तर चिकूच्या वाड्या आणि बोर्डीचा किनारा आहे. बोर्डीला ओहोटीत पाणी इतके दूर जाते की समुद्र कोठे गेला असे वाटावे, त्यामुळे तेथे भरतीच्या वेळेलाच जावे. पाऊणपटीचा हिशेब वर दिलाच आहे.

जाताना आई-वडिलांना एक गोष्ट सांगावी. त्र्यंबकच्या डोंगरांत पडलेले काही पाणी वैतरणेतून याच जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते, तर त्याच परिसरात उगम पावणारी गोदावरी जवळचा समुद्र सोडून सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. प्रवास झेपला तर परतीच्या वाटेवर वसईचा किल्लाही जोडता येईल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो पोर्तुगिजांकडून जिंकला, आणि आपल्या पंचवटीजवळच्या नारोशंकराच्या घंटेचे नाते याच विजयाशी सांगितले जाते.

प्रश्न : मुलीला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची आहेत. कधी आणि कोठे जावे? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर : मंडणगड तालुक्यातील वेळास किंवा दापोलीजवळचे आंजर्ले येथे जावे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने आणि ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू झाले. मादी रात्री पुळणीत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात सकाळी व सायंकाळी ती सोडली जातात. कोणत्या दिवशी किती पिल्ले निघतील हे घरट्यावर अवलंबून असते, म्हणून दोन मुक्काम धरावेत आणि मुलीला तशी कल्पना देऊन ठेवावी. राहण्याची सोय गावातील घरांतच होते. फ्लॅश आणि विजेरी बंद ठेवावी, कारण पिल्ले प्रकाशाच्या दिशेने जातात आणि वाट चुकतात. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आहे, तेव्हा मधल्या वेळेत काय पाहावे हा प्रश्न पडणार नाही.

प्रश्न : जुलैत मालवणची हॉटेले स्वस्त मिळत आहेत. जावे का? (एक वाचक, ओझर, जि. नाशिक)

उत्तर : खोलीच्या गॅलरीतून पाऊस पाहायचा असेल तर जावे. किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा साधारणपणे मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्यामुळे ताटातील सुरमई बहुधा बर्फातली असते. त्याऐवजी खाडीची मासळी किंवा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागाव्यात. शाकाहारी असाल तर घावन-चटणी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार यांवर कोणतीही बंदी नाही. येताना आंबोलीत एक मुक्काम करावा, पावसाचे खरे रूप तेथेच आहे. सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर नारळी पौर्णिमा गाठावी. त्या दिवशी मालवणात समुद्राला नारळ अर्पण करण्यासाठी लोक जमतात आणि नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. त्यासाठी हॉटेलवाला सवलत देणार नाही, हे मात्र धरून चालावे.