वाचक विचारतात : विम्बल्डनची रांग आणि लंडनचे मोकळे दिवस

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघांनीही साठी ओलांडली आहे. विम्बल्डनच्या सोडतीत आमचा नंबर लागला नाही. रांगेत उभे राहूनही तिकीट मिळते म्हणतात. या वयात ते झेपेल का? (टिळकनगर, इंदूर)

उत्तर : झेपेल, पण कोणत्या तिकिटासाठी उभे राहायचे ते इथूनच ठरवून निघा. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर या कोर्टांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटे रोज रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेली असतात. सेंटर कोर्टाची मात्र शेवटचे चार दिवस नसतात. या मोठ्या कोर्टांची तिकिटे हवी असतील तर आदल्या दिवशीच विम्बल्डन पार्कात तंबू ठोकून रात्र काढावी लागते. जुलैतही तिथल्या रात्री गार असतात आणि खालचे गवत दवाने भिजते. तुम्ही या फंदात पडू नये असे आम्हाला वाटते.

तुमच्यासाठी ग्राउंड्स पास चांगला. किंमत सुमारे ३० पौंड. त्यावर तीन ते अठरा नंबर कोर्टांवरच्या राखीव नसलेल्या जागांवर बसता येते. पहिल्या चार-पाच दिवसांत या कोर्टांवर सकाळी ११ पासून एकेरी-दुहेरीचे सामने लागोपाठ चालतात आणि नावाजलेले खेळाडू अगदी हाताच्या अंतरावरून दिसतात. टेनिस मनापासून आवडणाऱ्याला सेंटर कोर्टाच्या वरच्या रांगेपेक्षा हे जास्त समाधान देते. दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर मोठे सामने उरत नाहीत, म्हणून मुक्काम पहिल्या आठवड्यातच ठेवा.

पार्कात सकाळी सहा-सातपर्यंत पोहोचा. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनवर साउथफील्ड्स स्टेशनला उतरायचे, तिथून पंधरा मिनिटे चालायचे. अर्ल्स कोर्टला हमखास चूक होते : याच लाइनच्या गाड्या तिथून रिचमंड आणि ईलिंगलाही जातात. गाडीवर ‘विम्बल्डन’ लिहिलेले पाहूनच चढा. भाड्यासाठी स्टेशनच्या फाटकावरच्या यंत्राला प्रत्येकाने स्वतःचे वेगळे बँकेचे कार्ड टेकवावे आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवावे. चढताना कार्ड आणि उतरताना मोबाइल टेकवला तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडे लागते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि ‘टॅप’ची सोय निघण्यापूर्वी बँकेतून सुरू करून घ्या.

रांगेत पोहोचताच तारीख आणि क्रमांक छापलेले कार्ड मिळते. ते जिवापाड जपा, कारण तीच तुमची जागा. एका माणसाला एकच तिकीट मिळते, त्यामुळे एकाने उभे राहायचे आणि दुसऱ्याने हॉटेलात झोपायचे हे चालत नाही. स्वच्छतागृह किंवा चहासाठी अर्ध्या तासापर्यंत जाऊन येता येते. तिकिटाचे पैसे कार्डाने द्यावे लागतात. बसायला पातळ सतरंजी न्या. पिशवी माणशी एकच, ४० × ३० × ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, थर्मास अर्ध्या लिटरपर्यंतचा. मोठी पिशवी सामानघरात ठेवावी लागते आणि त्यात वेळ जातो.

आत गेल्यावर विम्बल्डनच्या ॲपमध्ये फेरविक्रीच्या रांगेत नाव नोंदवा. दुपारी तीननंतर, घरी निघालेल्या प्रेक्षकांची मोठ्या कोर्टांची तिकिटे अगदी थोड्या पैशात विकली जातात आणि ती रक्कम धर्मादाय कामाला जाते. तिथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला सेंटर कोर्टावर बसायला मिळाले तरी भरपूर खेळ पाहून होतो. दलालाकडून मात्र काहीही घेऊ नका, ते तिकीट दारातच बाद होऊ शकते.

छप्पर फक्त सेंटर (२००९) आणि एक नंबर (२०१९) कोर्टाला आहे. पाऊस आला की ग्राउंड्स पासवाल्यांचा खेळ थांबतो. म्हणून टेनिससाठी दोन दिवस मोकळे ठेवा आणि ढगाळ अंदाजाच्या दिवशी संग्रहालये पाहा. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीला प्रवेश शुल्क नाही. केवळ वाघनखांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला जाणार असाल तर लक्षात घ्या, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली.

प्रश्न : लंडनबरोबर पॅरिसही करायचे आहे. एका व्हिसावर होईल का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि पॅरिससाठी लागणारा शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एक व्हिसा) वेगळा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्याला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. दोन्ही अर्ज एकाच वेळी भरू नका, एकीकडे पासपोर्ट अडकला की दुसरीकडे द्यायला काही राहत नाही. आधी शेंगेन, मग ब्रिटन हा क्रम सोयीचा. ठसे द्यायला इंदूरकरांना अहमदाबाद किंवा मुंबई गाठता येते.

अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठी रक्कम भरली की संशय येतो. मुलाने दिली असेल तर त्याचे पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडा. हिंदीतल्या कागदांचा इंग्रजी अनुवाद द्या, त्यावर अनुवादकाचे नाव, सही आणि तारीख हवी.

प्रश्न : फराळाचे सोबत नेता येईल का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : शेव, चिवडा, भाजलेले पोहे खुशाल न्या. तूप, पेढे, खव्याची मिठाई नको, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यावर ब्रिटनमध्ये बंदी आहे. साजूक तुपातले लाडूही घरीच ठेवा. स्टेडियमात स्वतःचा डबा चालतो.

प्रश्न : सामने नसतील त्या दिवशी मराठी माणसाने आवर्जून काय पाहावे? (पळसीकर कॉलनी, इंदूर)

उत्तर : एका दिवसात पायी होणारा मार्ग सांगतो. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरा. जवळच १० किंग हेन्रीज रोडला आंबेडकर हाउस आहे. आपल्या शेजारच्या महूत जन्मलेले बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये घेतले. भेटीच्या वेळा आधी पाहून घ्या. तिथून प्रिमरोझ हिलवरून शहर न्याहाळत लॉर्ड्सला या. २५ जून १९३२ ला भारताचा पहिला कसोटी सामना याच मैदानावर सुरू झाला आणि कर्णधार होते आपल्या होळकर संघाचे सी. के. नायडू. इंदूरकराने ही जागा चुकवू नये. मैदानाची सशुल्क फेरी सामन्याच्या दिवशी नसते, म्हणून वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवा. पुढे वीसेक मिनिटांवर १० हाउली प्लेस. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते, तशी पाटी भिंतीवर आहे. घर खासगी आहे, तेव्हा पाटी रस्त्यावरूनच पाहा आणि परतीसाठी वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशन गाठा.