वकिलाला एवढ्यात होईल का, मॅडम?

"त्रास आहे, पण कोर्टाची पायरी चढायला पैसे कुठून आणू?" नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बाईच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी सुनंदाताईंची हकिकत सांगते. नाव बदललेलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या आमच्या समुपदेशन कक्षात आल्या तेव्हा सात वर्षांची लेक पदराला धरून होती. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी रुमाल काढला. डावं मनगट सुजलेलं होतं, म्हणून गाठ दातांनी सोडली. दहा-वीसच्या नोटा, शंभराची एकच. एकूण ३४० रुपये. "वकिलाला एवढ्यात होईल का, मॅडम?"

मी म्हटलं, "ताई, आधी ते आत ठेवा. परत जायला एसटीला लागतील."

परत जायचं कुठे, हाच मोठा प्रश्न होता. माहेरी भावाचा संसार, भावजय स्पष्टच नाही म्हणालेली. त्या रात्री त्यांना सखी केंद्रात पाठवलं. संकटातल्या बाईला तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, उपचारांची आणि पोलिसांची मदतही तिथूनच मिळते. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर मुलगी वरणभात खात होती आणि ताई हात आखडून बसलेल्या. "एवढं खाल्लं, याचं बिल कोण भरणार?" तेव्हा लक्षात आलं, मारापेक्षाही ह्या उपकाराच्या ओझ्याने बाई वाकली आहे.

मग शांतपणे समजावलं. २०१३ साली केंद्र सरकारने निर्भया निधी काढला, त्यातून २०१५ पासून ही केंद्रं उभी राहिली. घरात मार खाणाऱ्या बाईसाठीच हा पैसा ठेवलेला आहे. वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारलंच जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. पॅनलवरच्या वकिलाची फी समिती भरते. कुणी वर पैसे मागितले तर समितीला सरळ सांगायचं.

दवाखान्याचा केस पेपर त्यांनी जपून ठेवला होता, आणि आधीच्या दोन एनसींच्या, म्हणजे पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नोंदवलेल्या तक्रारींच्या, प्रतीही. हे फार कामाला आलं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी सगळं विचारून घरगुती घटना अहवाल भरला, आम्ही त्याला डीआयआर म्हणतो. तो अर्जासोबत मॅजिस्ट्रेटकडे गेला. २००५ च्या ह्या कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे मी कुठल्याही बाईपासून लपवत नाही. संरक्षण अधिकारी पुरेसे नसतात, एकेकाकडे दोन-दोन जागांचा भार असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच राज्यांना जिल्हा-तालुका पातळीवर हे अधिकारी नेमायला सांगितलं. कायदा कितीही चांगला असो, अहवाल भरायला माणूस नसेल तर बाईची फाईल तिथेच अडते. म्हणून ह्या कामाला निधी कमी पडतो तेव्हा माझा जीव तुटतो.

ताईंचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश कोर्टाच्या चौथ्या तारखेला झाला. मारहाणीला मनाई, महिन्याची पोटगी आणि त्याच घरात राहायचा हक्क. सासरे म्हणत होते, "घर माझ्या नावावर आहे, तिचा काय संबंध?" पण नवऱ्यासोबत ती जिथे संसार करत होती ते घर सासऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

मधे कोर्टाने दोघांना समुपदेशनाला पाठवलं. चुलतसासरे सोबत आले आणि बसताक्षणी म्हणाले, "ही उलट बोलते, मग हात उठणारच." मी तिथेच थांबवलं. ह्या कायद्याखालच्या समुपदेशनात मारहाणीचं समर्थन करायला जागाच नाही, आणि ते आधीच सांगायचं असतं. बाईला कसंही करून नांदायला धाडणं हे माझं काम नाही. त्या दिवशी ताई पहिल्यांदा नवऱ्याकडे मान वर करून बोलल्या. "मला घरात राहायचंय, पण मार खाऊन नाही."

आता त्या त्याच घराच्या पुढच्या खोलीत राहतात. चूल वेगळी. पोटगी दोन महिने आली, तिसऱ्याला थकली. वसुलीचा अर्ज करायला त्या एकट्याच कोर्टात गेल्या, मला नंतर फोनवर कळवलं.

तुमच्या घरात किंवा शेजारी अशी कुणी असेल, तर १८१ वर महिला हेल्पलाइन आणि १५१०० वर विधी सेवा आहे. केस पेपर, एनसीची प्रत, आधार कार्ड, मुलांच्या जन्माचे दाखले हाताशी ठेवायला सांगा. आणि यातलं काहीच जवळ नसेल, तरी नुसतं या म्हणावं.