ट्रेनिंग डायरेक्टरच्या जागेला हो म्हणण्याआधी

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेट इंटर्नशिपच्या ट्रेनिंग डायरेक्टरची जागा तुला देऊ केली आहे आणि उत्तर द्यायला दोन आठवडे आहेत, असं तू लिहिलंस. हो म्हणावंसं वाटण्याचं पहिलं कारण तू दिलंस, 'मला शिकवायला आवडतं'. ते खरंच असेल, पण या जागेसाठी पुरणार नाही. शिकवण्याचं काम सुपरव्हायझरही करतात. डायरेक्टरच्या वाट्याला येतं ते वेळापत्रक, इंटर्नच्या स्टायपेंडचे पैसे, मान्यतेची कागदपत्रं, आणि अधूनमधून एखादं असं प्रकरण, ज्यात वकिलाला विचारल्याशिवाय ईमेलसुद्धा पाठवता येत नाही.

आधी तासांचा हिशेब मांड. ॲपिक या इंटर्नशिप केंद्रांच्या संघटनेच्या सदस्यत्वाचा निकष सांगतो की डायरेक्टर आठवड्याला किमान २० तास संस्थेत हजर हवा. हजर असणं वेगळं आणि या कामासाठी मोकळं असणं वेगळं. पुष्कळ जण इथेच फसतात. एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) मान्यता-निकषांनुसार प्रत्येक इंटर्नला आठवड्याला किमान ४ तास सुपरव्हिजन, म्हणजे कामावर ज्येष्ठांचं मार्गदर्शन, मिळावं लागतं. त्यातले किमान २ तास वैयक्तिक, तेही परवानाधारक डॉक्टरेट मानसशास्त्रज्ञाकडून. चार इंटर्न धरले तर आठवड्याला ८ तास नुसते वैयक्तिक सुपरव्हिजनचे, वर गटाचे २, शिवाय सेमिनार. हे सगळे तास कुणाच्या तरी रुग्णसेवेतून काढलेले असतात. एखादी सुपरव्हायझर रजेवर गेली की ते भगदाड बुजवायला डायरेक्टरच पुढे होतो. मुलाखतींचा मोसम आला की १०० अर्ज आणि प्रत्येकाला २० मिनिटं, म्हणजे ३३ तास फक्त वाचनाचे. म्हणून 'प्रशिक्षणासाठी राखीव वेळ' हे शब्द नेमणूकपत्रात आकड्यासह हवेत, आणि त्याच पत्रात रुग्णांच्या तासांचं लक्ष्य तेवढंच कमी केलेलं हवं. राखीव वेळ द्यायचा आणि लक्ष्य तेच ठेवायचं, ही फार जुनी चलाखी आहे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. एपीएचा निकष स्पष्ट आहे: डायरेक्टरकडे जबाबदारीच्या तोलाचा प्रशासकीय अधिकार असला पाहिजे. मुलाखतीत याचं उत्तर 'अर्थातच' असंच मिळतं, त्यामुळे प्रश्न नेमका विचार. एखादा सुपरव्हायझर तास पाळत नसेल तर त्याच्याकडचा इंटर्न मी काढून घेऊ शकते का? स्टायपेंडची तरतूद कुणाच्या सहीने होते, दरवर्षी नव्याने मागावी लागते की कायम आहे? अर्ज, वेळापत्रकं, मूल्यमापनं सांभाळायला आठवड्यातून किती तास मदतनीस मिळेल? तिसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरली, तर तो मदतनीस तूच आहेस असं समज.

कागदपत्रांमध्ये आधी एपीएच्या मान्यता आयोगाचं शेवटचं निर्णयपत्र माग. मान्यता जास्तीत जास्त १० वर्षांची असते. कमी वर्षांची मिळाली असेल तर कारण पत्रात लिहिलेलं असतं. पुढच्या सेल्फ-स्टडीचं, म्हणजे मान्यतेच्या फेरतपासणीसाठी संस्थेने स्वतःच लिहायच्या अहवालाचं, वर्ष पाहा. ती येत्या बारा महिन्यांत असेल आणि एपीएच्या निकषांतल्या नऊ व्यावसायिक क्षमतांवरचं इंटर्नचं मूल्यमापन नीट साठवलेलं नसेल, तर तुझं पहिलं वर्ष जुने फॉर्म शोधण्यातच जाईल. नंतर मागच्या तीन वर्षांचे मॅचचे निकाल बघ (अर्जदार आणि केंद्रं दोघेही पसंतीक्रमाची यादी, म्हणजे रँक लिस्ट, देतात आणि त्यावरून जागा जुळवल्या जातात, ती मॅच): किती जागा पहिल्या फेरीत भरल्या, किती दुसऱ्या फेरीत गेल्या, रँक लिस्टवर किती खाली उतरावं लागलं. ड्यू प्रोसेसचं, म्हणजे इंटर्नवर कारवाई करताना पाळायच्या न्याय्य प्रक्रियेचं, लेखी धोरण वाच आणि गेल्या काही वर्षांत ते कितीदा वापरलं गेलं ते विचार. 'एकदाही नाही' या उत्तराने निर्धास्त होऊ नकोस. कधीकधी त्याचा अर्थ इतकाच असतो की अडचणी कागदावर येऊच दिल्या नाहीत.

आता किती वर्षांसाठी, ते. पदाची मुदत विसर आणि इंटर्नच्या तुकड्या मोज. जुलैत सूत्रं हाती घेतलीस तर समोर येणारी तुकडी आधीच्या डायरेक्टरने निवडलेली असेल. त्या हिवाळ्यात तू मुलाखती घेशील, फेब्रुवारीत रँक लिस्ट देशील, आणि तुझी पहिली तुकडी येईल ती पुढच्या उन्हाळ्यात. ती बाहेर पडेपर्यंत दोन वर्षं होतात. ती माणसं पुढे कुठे लागली, परवाना मिळाला का, हे कळायला आणखी एक. स्वतःच्या निर्णयाचं फळ किंवा चूक दिसायला अशी तीन वर्षं लागतात. त्याआधी जाणारा डायरेक्टर दुसऱ्याच्याच चुका निस्तरून जातो आणि स्वतःच्या चुका मागे ठेवतो. तेव्हा तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल तर सहायक डायरेक्टर म्हणून एक पूर्ण चक्र काढ. ते कमीपणाचं नाही.

सर्वांत जास्त डायरेक्टर कशाने दमतात असं विचारशील, तर माझं उत्तर आहे कमी पडणारा इंटर्न. इथल्या चुका ठरावीक आहेत. सुपरव्हायझर ऑक्टोबरमध्ये तोंडी कुरबुर करतात, मध्यावधी फॉर्मवर सगळे गुण चांगले देतात आणि एप्रिलमध्ये 'याला पास करता येणार नाही' म्हणतात. तोवर सुधारणेला वेळ उरत नाही आणि कागद इंटर्नच्या बाजूने बोलतो. क्रम असा ठेव: नेमकं वर्तन, तारखेसह, ते कोणत्या क्षमतेत बसतं, इंटर्नला लेखी सूचना, सुधारणेची योजना, तिची मुदत आणि 'सुधारलं' हे कशावरून ठरणार ते, अपिलाचा मार्ग. इंटर्नच्या विद्यापीठाला वेळेत कळव. प्रकरण अवघड असेल तर ॲपिककडे अनौपचारिक सल्ल्याची सोय आहे, ती लवकर वापर. आणि 'इम्पेअर्ड' (क्षमता बाधित झालेला) हा शब्द फाइलमध्ये कधीच लिहू नकोस. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे त्याला कायदेशीर वजन आलं आहे. तुला वर्तनाबद्दल बोलायचं असतं आणि शब्द आजाराकडे बोट दाखवतो.

करिअरच्या बाजूने थोडक्यात. विद्यापीठात टेन्युअरच्या (कायम नेमणुकीच्या) आधी असं पद घेणं मला धोक्याचं वाटतं, कारण बढतीच्या समित्या त्याला 'सेवा' म्हणतात आणि सेवेला फार कमी तोलतात. रुग्णालयात असशील तर बढतीचे लेखी निकष मागून घे आणि हे काम कुठल्या रकान्यात बसतं ते पाहा. काहीही असो, आठवड्यातला अर्धा दिवस स्वतःच्या रुग्णांसाठी ठेव. तो गेला की दोनेक वर्षांत सुपरव्हिजनमधलं बोलणं शिळं होतं.

बांधिलकीबद्दल तू विचारलंस. मायर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले: ओढीने राहणं, सोडण्याचा तोटा नको म्हणून राहणं, आणि कर्तव्य वाटतं म्हणून राहणं. डायरेक्टरांच्या बाबतीत तिसरा प्रकार फार लबाड असतो. 'मी गेले तर या मुलांचं काय' हे दरवर्षी खरंच असतं, कारण दरवर्षी कोणती ना कोणती तुकडी मध्यावर असते. म्हणून दर सप्टेंबरमध्ये, नवी तुकडी रुळली की, स्वतःशी लिहून काढ: या कामातलं काय मी कुणी न सांगताही केलं असतं? सलग दोन वर्षं कागद कोरा राहिला तर पद सोडण्याची तयारी सुरू कर.

सोडायचंही वेळापत्रक असतं. निर्णय उन्हाळ्यात जाहीर कर, म्हणजे माहितीपत्रकात आणि ॲपिकच्या डिरेक्टरीत बदल होतील आणि अर्जदारांना कळेल की डायरेक्टर बदलणार आहे. फेब्रुवारीत रँक लिस्ट दिल्यानंतर आणि तुकडी येण्याआधी, शक्य असेल तर, जाऊ नकोस. मॅच बांधून ठेवणारी असते. त्या मुलांनी तुला पाहून क्रम लावला आणि आता त्यांना मागे फिरता येत नाही. डायरेक्टर बदलल्याचं मान्यता आयोगालाही कळवावं लागतं. पुढच्या माणसाला निदान एक मुलाखतीचा मोसम तुझ्या शेजारी बसू दे.

दोन आठवड्यांपैकी पहिला आठवडा निर्णयपत्र, मॅचचे निकाल आणि ड्यू प्रोसेसचं धोरण मिळवण्यात घाल. ती द्यायला त्यांनी किती दिवस लावले, तेही टिपून ठेव. हाती आली की मला पाठव, एकत्र वाचू.

तुझ्या हिताची चिंता करणारा,
एक ज्येष्ठ सहकारी