हर्मेन्युटिक्स आणि फेनॉमेनॉलॉजी यांचं नेमकं नातं काय? दोन्ही एकच आहेत का?

एक नाहीत. फेनॉमेनॉलॉजी म्हणजे अनुभव जाणिवेला जसा प्रतीत होतो तसं त्याचं वर्णन; हर्मेन्युटिक्स म्हणजे अर्थ लावण्याची विद्या. पण विसाव्या शतकात दोन्ही एकमेकांत इतके गुंतले की वेगळे काढणं अवघड झालं.

आम्हा बडोदेकरांना सोपं उदाहरण आहे: कीर्तिमंदिरातलं नंदलाल बोसांचं ‘गंगावतरण’ भित्तिचित्र. फेनॉमेनॉलॉजीचा प्रवर्तक एडमंड हुसर्ल म्हणेल, शिव खरंच आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, आधी चित्र तुमच्या जाणिवेला कसं प्रतीत होतं त्याचं वर्णन करा. ही झाली फेनॉमेनॉलॉजी. पण मी तिथे उभा राहतो तेव्हा मला आधी नुसते रंग आणि रेषा दिसून मग शिव ‘कळतो’, असं होत नाही. थेट शिवच दिसतो. लहानपणी आजीकडून ऐकलेली भगीरथाची गोष्ट पाहण्यातच मिसळलेली असते.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरचा मुद्दा नेमका हाच. पाहणं म्हणजे आधीच अर्थ लावणं; म्हणून १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’ या ग्रंथात तो मानवी अस्तित्वाच्या फेनॉमेनॉलॉजीलाच हर्मेन्युटिक्स म्हणतो. तोवर हर्मेन्युटिक्स म्हणजे मुख्यतः बायबल, कायदा, जुने ग्रंथ यांचा अर्थ लावण्याची विद्या.

हायडेगरचा शिष्य गाडामर १९६० मध्ये पुढे गेला: पूर्वग्रह पुसून टाकता येत नाहीत, समज त्यांच्यापासूनच सुरू होते. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकरने फेनॉमेनॉलॉजीवर हर्मेन्युटिक्सचं कलम केल्याची उपमा दिली. मला तीच सगळ्यात पटते.

सुरुवात मात्र हुसर्लपासूनच करा. हायडेगर कशाशी भांडतोय ते त्याशिवाय कळत नाही.