गोळीच्या वेगाला दोष देण्याआधी: लांब पल्ल्याच्या नेमबाजांचे प्रश्न

प्रश्न: स्कोप (रायफलवरची दुर्बीण) किती चढवायचा ते सांगणारा कॅल्क्युलेटर ८०० मीटरसाठी ८.६ मिल (कोनाचं माप; १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर) सांगतो, पण गोळी मध्यावर बसायला ८.९ लागतात. आकडा जुळेपर्यंत मझल व्हेलॉसिटी (नळीतून सुटतानाचा गोळीचा वेग) कमी करत गेलो तर चालेल का?

आकडा जुळेल, पण फक्त ८०० मीटरवर. ६०० आणि १००० मीटरवर पुन्हा चुकाल. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झिरो पाहा, म्हणजे स्कोप न चढवता १०० मीटरवर गोळी नेमावरच लागते का ते. तिथे एकाच नेमाने मारलेल्या दहा गोळ्यांचा ग्रुप घ्या आणि त्याचा मध्य मोजा. 'मध्यावरच आहे' असं डोळ्यांनी ठरवू नका. मध्य १ सेंटिमीटर खाली असेल तर ती ०.१ मिलची चूक आहे आणि ती प्रत्येक अंतरावर तुमच्यासोबत येते. ८०० मीटरवर तिचे ८ सेंटिमीटर होतात.

मग स्कोप तपासा. टेपने मोजलेल्या १०० मीटरवर उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ मारा. रेघेच्या तळाशी नेम धरून एक ग्रुप मारा. नंतर नेम तोच ठेवून १० मिल चढवा आणि दुसरा मारा. दोन्ही मध्यांत १०० सेंटिमीटर अंतर हवं. ते ९८ भरलं तर तुमचा स्कोप दोन टक्के कमी चढतो, म्हणजे तुम्ही ८.९ फिरवता तेव्हा प्रत्यक्षात ८.७२ च मिळतात.

आता बेरीज करा. झिरोचा ०.१ आणि स्कोपचा ०.१८ मिळून ०.२८ मिल झाले, आणि तुमची तक्रार होती ०.३ ची. वेगावर ढकलायला काही उरलंच नाही! तुमच्या रायफलमध्ये नेमकं हेच असेल असं मी म्हणत नाही, पण मोजल्याशिवाय वेगाला हात लावू नका. बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये स्कोपच्या या तुटीसाठी वेगळा रकाना असतो, तो भरा.

एवढं करूनही फरक उरला, तरच वेग सुधारा. ३०० मीटरवर ते करण्यात अर्थ नाही. सेकंदाला १० मीटरचा फरक तिथे स्कोपच्या एका क्लिकएवढाही (नॉबच्या एका टप्प्याएवढाही) दिसत नाही. गोळीचा वेग ध्वनीच्या सुमारे १.२ पट उरतो, त्याच्या थोडं अलीकडचं अंतर निवडा. त्यापुढचा फरक बॅलिस्टिक कोएफिशंटमध्ये (गोळी हवेचा रोध किती चांगला कापते त्या आकड्यात) सुधारायचा, वेगात नाही.

प्रश्न: आमची रेंज ६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब मोबाइलवरच्या हवामान ॲपमधून घेतो. गोळ्या नेहमी वर का लागतात?

ॲप सहसा समुद्रसपाटीला आणून सुधारलेला दाब दाखवतं. कॅल्क्युलेटरला हवा तुमच्या जागेवरचा खरा दाब. ६०० मीटरवर तो साधारण ९४३ हेक्टोपास्कल असतो आणि तुम्ही भरता १०१३. कॅल्क्युलेटर हवा सात टक्क्यांनी दाट समजतो, जास्त चढवायला सांगतो आणि गोळी वर जाते. हातात धरायचं दाबमापक वापरा आणि त्यातही 'स्टेशन प्रेशर'च निवडलंय ना, ते बघा. खरा दाब भरला की उंची पुन्हा भरायची नाही, नाहीतर तीच दुरुस्ती दोनदा होते. आर्द्रतेची फार काळजी करू नका, तिचा परिणाम अगदी थोडा असतो.

मी स्वतः या चुकीवर एक अख्खा हंगाम घालवला आहे. वेग वाढवून आकडे जुळवले होते, दुसऱ्या उंचीवरच्या रेंजवर गेलो आणि सगळं विस्कटलं.

प्रश्न: जी-१ की जी-७?

ही बॅलिस्टिक कोएफिशंट मोजायची दोन प्रमाणं आहेत. लांब, निमुळत्या शेपटीच्या गोळीला जी-७. मात्र जी-१ चा आकडा जी-७ च्या रकान्यात टाकू नका. त्याच गोळीचा जी-७ आकडा साधारण निम्मा असतो.

प्रश्न: क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) पाच गोळ्यांची सरासरी घेतली. पुरेशी आहे का?

नाही. निदान दहा घ्या, वीस झाल्या तर उत्तमच. नळीला अडकवायचा क्रोनोग्राफ असेल तर तो लावून झिरो करू नका, त्याच्या वजनाने गोळी लागण्याची जागा सरकते. त्या वेळचं तापमानही वहीत लिहा. काडतुसातली दारू तापली की वेग वाढतो, किती ते प्रत्येक दारूचं वेगळं. थंड सकाळी मोजलेला वेग भर दुपारी तसाच धरू नका.

प्रश्न: वारा पडलेला असतानाही ९०० मीटरवर गोळ्या उजवीकडेच जातात. वाऱ्याच्या रकान्यात थोडा वारा भरून टाकू का?

कृपा करून नको. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीतून सुटलेली गोळी फिरत जाते, त्यामुळे लांबवर उजवीकडे सरकतेच; हेच स्पिन ड्रिफ्ट. कॅल्क्युलेटरमध्ये ते चालू करा आणि नळीचा पीळ बरोबर भरा. दुसरा संशयित म्हणजे स्कोपचा तिरकेपणा. १० मिल चढवलेले असताना फक्त एक अंश तिरका स्कोप ९०० मीटरवर सुमारे १६ सेंटिमीटर बाजूला नेतो.

दोन्ही वेगळे ओळखायला वर सांगितलेला ओळंब्याचा कागदच काढा. १०० मीटरवर स्पिन ड्रिफ्ट जवळपास नसतंच. तेव्हा रायफल लेव्हल धरूनही १० मिलचा ग्रुप रेघेच्या उजवीकडे गेला, तर स्कोपच्या रिंगा सैल करून तो सरळ बसवा आणि झिरो पुन्हा घ्या.