जुनी पेट्रोल गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, रेस दिली की ठीक होतं. दोष कसा शोधावा?
आधी आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा) काटा बघा. काटा स्थिर आणि नुसती केबिन थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) तपासा. काटा वरखाली होत असेल तर माझा पहिला संशय व्हॅक्यूम पाइपवर, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या बाजूला जोडलेल्या रबरी नळ्यांवर. रबर चिरतं, जास्तीची हवा आत ओढली जाते. आयडलला, म्हणजे रेस न देता चालू असताना, इंजिनला हवाच थोडी लागते, म्हणून बारीक गळतीही जाणवते. रेस दिल्यावर ती झाकली जाते. बॉनेट उघडून 'सूंऽऽ' असा आवाज येतो का ऐका. ठरावीक लयीत ठोका चुकत असेल तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. कुठला सिलिंडर ते गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर कळतं. इंजिन बंद करून त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी बदला. दोष शेजारी गेला तर कॉइल खराब, नाहीतर प्लग तपासा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग). थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून घ्याच. सेन्सर बदलायची घाई मात्र नको.